वानगी

सोसायटीची वार्षिक सभा कायद्याने 30 सप्टेंबरपर्यंत उरकावी लागते. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीची सभा शेवटच्या रविवारी होती, आणि आदल्या रात्री मी जमाखर्चाची फाइल उघडली. उघडली, पण बदलेना. वर लाल पट्टी: चाचणीची मुदत संपली, वर्गणी भरा. लॅपटॉपसोबत आलेलं ते ऑफिस महिनाभरच फुकट आहे हे मी विसरलो होतो. ते मात्र विसरलं नव्हतं. शेजारी खजिनदार काका. "सगळं दिसतंय की स्वच्छ," ते म्हणाले, "मग आकडा का नाही हो बदलत?" टँकरच्या खर्चात एक शून्य जास्त पडलं होतं. ते शून्य आम्ही दोघं काचेआडच्या मिठाईसारखं बघत बसलो.

गहू घेताना आपण मूठभर हातात घेतो, एखादा दाणा दाताखाली फोडून बघतो. आंबेवाला फोड कापून देतो. ही वानगी. नाही पटलं तर दाणे पोत्यात टाकायचे आणि पुढच्या दुकानाची पायरी चढायची. वानगीत दुकानदाराचा माल आपल्या हातात येतो. सॉफ्टवेअरच्या चाचणीत आपलाच माल त्यांच्या कोठारात जाऊन पडतो. महिनाभर मन लावून वापरलं की बिलं, पत्रं, सभासदांची यादी सगळं तिथे जमतं, आणि 'आवडलं का?' हा प्रश्न विचारायची वेळच निघून जाते. ज्याने चाचणी नीट घेतली, तोच जास्त अडकतो.

क्लाउडवाले सढळ असतात. गूगल क्लाउड नव्या ग्राहकाला 90 दिवसांसाठी 300 डॉलरचं क्रेडिट देतं, मायक्रोसॉफ्टचं अझ्युर 30 दिवसांसाठी 200 डॉलर. इंजिनिअरिंगच्या पोरांना घरबसल्या खरा सर्व्हर चालवून बघता येतो. याबद्दल कुरकुर करणं कृतघ्नपणाचं होईल. कार्ड मात्र दोघंही आधीच मागतात. मासिक वर्गणीच्या चाचण्यांतही तेच. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2021 पासूनच्या नियमाप्रमाणे असे पैसे आपोआप कापण्याआधी किमान 24 तास सूचना यावी लागते. येतेही. पण बँकेचे मेसेज आपण वाचतो ते पैसे गेल्यावर. (फाइली आवळून बांधणारा विनरार हा एक संतपुरुष. त्याची 40 दिवसांची चाचणी वर्षानुवर्षं संपत नाही; तो फक्त आठवण करतो आणि कामाला लागतो.)

मुदत न सांगता दिलेलं फुकट तर आणखी चिवट. गूगल फोटोजने 2015 मध्ये अमर्याद जागा देऊ केली आणि 1 जून 2021 पासून ती सोय बंद केली. फसवणूक म्हणता येणार नाही, महिने आधी कळवलं होतं. पण तोवर घराघरांतली बारशी, मुंजी, डोहाळजेवणं तिथे जाऊन बसली होती. आता 15 जीबीत फोटो, फाइली आणि मेल यांचा एकत्र संसार. जागा भरली की मेलही येईनाशी होते.

इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द असल्याने सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनला आयुष्यभर त्याचा अर्थ फोडून सांगत हिंडावं लागलं. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन सरळ शब्द आहेत, तरी आपण चौकशी करतो ती पहिल्याचीच. दोन्हींतला फरक एकदा चांगलाच दिसला. ओरॅकल कंपनीने 2010 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली, तेव्हा तिचं ओपनऑफिस हे मुक्त ऑफिसही ओरॅकलकडे गेलं. त्यावर काम करणाऱ्यांपैकी अनेकांना नव्या मालकाचा भरवसा वाटेना. त्यांनी त्याच वर्षी कोड उचलला, वेगळी चूल मांडली, तिचं नाव लिबरऑफिस. कोड मुक्त होता म्हणून उठून जाता आलं. नुसता फुकट असता तर मालकाच्या मर्जीकडे बघत बसले असते, आमच्यासारखे.

मीही त्या रात्री साडेअकराला, मोबाइलच्या नेटवर, तेच उतरवून घेतलं. शून्य गेलं. रकान्यांची रुंदी मात्र हलली, दोन पानांचा जमाखर्च तीन पानांवर सांडला, तो आवरताना एक वाजला. हल्ली कुठलीही चाचणी घेण्याआधी मी एक खोटी फाइल बनवतो आणि ती तिथून धड बाहेर निघते का, ते बघतो.

सभेत काकांनी माझी तिन्ही पानं बाजूला ठेवली आणि आपल्या लाल वहीतून जमाखर्च वाचला. आक्षेप एकच आला, तोही पार्किंगचा.