नाव अरसलान, जबाबदारी पित्याची



कयामतच्या दिवशी माणसाला त्याच्या व त्याच्या पित्याच्या नावाने पुकारले जाईल, म्हणून नावे चांगली ठेवा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. म्हणजे मुलाचे नाव ही केवळ घरची हौस नव्हे.

सातव्या दिवशी अकीका करताना काही पालक विचारतात, ‘अरसलान’ हे नाव ठेवता येईल काय? हा शब्द तुर्की असून त्याचा अर्थ ‘सिंह’ आहे. अरबीत ‘असद’, फारसीत ‘शेर’. 1071 मध्ये मलाझगिर्दची लढाई जिंकणाऱ्या सल्जूक सुलतानाचे नाव अल्प अरसलान होते. भाषांची विविधता ही अल्लाहचीच निशाणी आहे, असे दिव्य कुरआन (30:22) सांगतो. नाव अरबीच असावे असे बंधन नाही. अर्थ शुद्ध असावा, त्यात शिर्क व गर्व नसावा. अल्लाहला सर्वाधिक प्रिय नावे मात्र अब्दुल्लाह व अब्दुर्रहमान होत.

बुखारी यांनी नोंदविले आहे की, ‘हज्न’ म्हणजे कठोर नावाच्या एका गृहस्थास प्रेषितांनी (स.) ‘सहल’ म्हणजे सौम्य हे नाव सुचविले. वडिलांनी ठेवलेले नाव बदलण्यास त्यांनी नकार दिला. पुढे त्यांचे नातू सईद बिन मुसय्यब (रह.) म्हणत, ती कठोरता आमच्या घराण्यात राहिली.

मग सिंहाने कसे असावे? माननीय हमजा (रजि.) ‘अल्लाहचा सिंह’ म्हणविले गेले, त्यांचे बळ सत्याच्या रक्षणासाठी होते. प्रेषितांनी (स.) तर कुस्तीत पाडणाऱ्यास नव्हे, रागात स्वतःला आवरणाऱ्यास बलवान म्हटले.

बीडकरांपुढे एक धडा आहे. मुहम्मद बिन तुघलक राजपुत्र असताना ‘उलुग खान’ म्हणून ओळखला जाई. ‘उलुग’ हाही तुर्की शब्द, अर्थ ‘महान’. फरिश्ता लिहितो की, बीडजवळ या सुलतानाचा एक दात पडला, तो समारंभाने पुरून त्यावर भव्य कबर उभारली गेली. पदवी महान होती. पण स्वतःचा एक दातही त्याला राखता आला नाही! महानता केवळ अल्लाहची.

म्हणून पालकांनो, अरसलान नाव जरूर ठेवा. पण त्याचा अर्थ मुलाला समजावून सांगा. ऊसतोडीच्या हंगामात त्याची शाळा व कुरआनचे शिक्षण सुटू देऊ नका. त्याच्यादेखत त्याच्या आईवर आवाज चढवू नका. कारण मूल नावापेक्षा पित्याकडून अधिक शिकते. त्या दिवशी हाक एकट्या अरसलानला नसेल, ‘अमुकचा पुत्र अरसलान’ अशी असेल.

अल्लाह आपल्या मुलांना त्यांच्या चांगल्या नावांस पात्र बनवो. आमीन.