भ्रूणहत्या, विवेक आणि राजदंड

ज्याला आत्मरक्षणार्थ वाचाही लाभलेली नाही, अशा जीवाविषयीच्या करुणेतूनच आपल्या धर्मशास्त्रकारांनी भ्रूणहत्येची गणना घोर पातकांत केली असावी. आणि ती करुणा मला आजही शिरोधार्य वाटते. परंतु पातक आणि अपराध यांचे निवाडे एकाच दरबारात होत नाहीत. पातकाचा निवाडा अंतःकरणात होतो आणि त्याची निष्कृती प्रायश्चित्ताने होते. अपराधाचा निवाडा फौजदारी न्यायालयात होतो आणि तेथे शिक्षा शिपायाच्या हातून भोगावी लागते. पहिल्याचे काम दुसऱ्यावर सोपविले, की धर्माचे तेज वाढत नाही आणि राज्याचा न्यायही शुद्ध राहत नाही.

याची साक्ष आपल्याच कायद्याच्या इतिहासात आहे. 1860 च्या दंडसंहितेच्या 312 व्या कलमाने, स्त्रीचे प्राण वाचविण्याच्या सद्हेतूवाचून केलेला गर्भपात अपराध ठरविला. आणि शिक्षेस पात्र ठरली ती स्वतः ती स्त्रीसुद्धा. परिणाम असा झाला, की पोट पाडणे थांबले नाही. ते केवळ काळोखात गेले, आणि जडीबुटी व अघोरी उपाय यांच्यापायी असंख्य स्त्रियांनी प्राण गमावले. या अनर्थाची दखल घेऊन 1964 साली सरकारने शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल 1966 मध्ये आला आणि 1971 चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा त्यातून जन्मास आला. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत या कायद्याने तिचीच संमती पुरेशी मानली, पतीची मागितली नाही. मात्र गर्भ जसजसा वाढतो तसतशा त्याने अटीही कडक केल्या, आणि 2021 च्या दुरुस्तीने विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत नेली. तथापि गर्भपाताचा मूळ अपराध फौजदारी कायद्यात आजही कायम असून, स्त्रीला मिळाली आहे ती त्यातून दिलेली मुभा होय, हक्क नव्हे.

गर्भ हा जीव असेल, तर इतर जीवांप्रमाणे त्याचेही रक्षण राज्याने का करू नये, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु गर्भाचे वसतिस्थान दुसऱ्या मनुष्याचा देह आहे, आणि त्याचे सक्तीने रक्षण करणे म्हणजे त्या देहावर सरकारी अंमल बसविणे होय. शिवाय जीवत्व केव्हा येते याविषयी ज्या देशात धर्माधर्मांत एकवाक्यता नाही, तेथे एका श्रद्धेला फर्मानाचे रूप देणे हा सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यावरच आघात ठरतो.

म्हणून राज्याने सर्वस्वी हात बांधून बसावे, असेही नव्हे. केवळ मुलगी म्हणून गर्भ खुडला जातो, तेथे बहुधा स्त्रीचा विवेक बोलत नसून घराण्याची सक्ती बोलत असते. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1988 सालीच, केंद्राच्या 1994 च्या कायद्यापूर्वी, कायदा केला हे त्याला भूषणास्पद आहे. परंतु 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात अवघ्या 894 मुली आढळल्या, यावरून कायदा एकटा किती अपुरा पडतो हेही उमगते.

ज्यांना गर्भ पवित्र वाटतो, त्यांच्यासाठी मार्ग जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात दाखवून दिला आहे. विधवांच्या अर्भकांच्या हत्या होत असल्याचे पाहून त्यांनी अधिक कठोर शिक्षेची मागणी केली नाही. त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, त्या स्त्रियांना गुप्तपणे बाळंत होण्यास आश्रय दिला, आणि पुढे अशाच एका विधवेचा पुत्र यशवंत यास दत्तक घेतले. गर्भाविषयी ज्यांची श्रद्धा खरी आहे त्यांनी स्त्रीच्या दारी शिपाई धाडण्याचा आग्रह सोडावा, आणि जी मूल ठेवू इच्छिते तिला अन्न, आसरा व अब्रू मिळेल, असे आपले घर आणि आपला समाज घडवावा.