खाडा

गवंडी घर बांधतो आणि निघून जातो. त्याची आठवण येते ती भिंतीला ओल आल्यावर. न्हाव्याचं तसं नाही. त्याचं काम महिन्याभरात वाढून जातं, म्हणून महिन्याभरात त्याच्याकडे जावंच लागतं. काम टिकत नाही, म्हणून ओळख टिकते.

अण्णांनी वाईत आयुष्यभर हेच एक काम केलं. न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघायचे, असं लोक हिणवून म्हणतात. अण्णांच्या मागे तेवढंही उरलं नाही. रोज रात्री ते स्वतःच झाडून घेत. आज एकही डोकं त्यांनी केलं तसं राहिलेलं नाही. तरी त्यांच्या शेवटच्या वाटेला गाव लोटला, आणि त्या दिवशी गावातल्या बाकीच्या सलूनची शटरं खाली होती.

❖

दुकान म्हणजे एक फिरती खुर्ची, समोरासमोर दोन आरसे, एक बाकडं आणि सेना महाराजांची तसबीर. श्रावण वद्य द्वादशीला महाराजांची पुण्यतिथी. त्या दिवशी तसबिरीला हार आणि दुकानाला सुट्टी.

कथा सगळ्यांना पाठ. सेना महाराज भजनात रंगले, बादशहाचं बोलावणं राहून गेलं. तेव्हा पांडुरंगानं धोकटी काखेला मारली आणि बादशहाची हजामत करून आला. सांगणारे चमत्काराशी थांबतात. अण्णांचं बोट दुसरीकडे असे. "देवानं जाऊन सांगितलं नाही, की भक्त आज येणार नाही. खाडा भरून काढला." भक्ती मोठी खरीच; पण ताटकळलेलं गिऱ्हाईक देवालाही बघवलं नाही.

मोठेपणा मात्र आपण प्रसंगाला चिकटवतो. १६५९ साली अफजलखानाचा तळ वाईत पडला होता. पुढे प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांवरचा सय्यद बंडाचा वार न्हाव्याच्या जिवा महालानं अडवला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्या एका क्षणाची. अण्णांना तिचा फार अभिमान. रोज सकाळी शटर वर करणाऱ्याची म्हण होत नाही, याची त्यांना तक्रार नव्हती.

❖

खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची एक फळी होती. तिच्यावर बसवलेलं पोर भोकाड पसरी. अण्णा कात्री आधी हवेतच कचकचवीत. कानाची ओळख झाली, की मग केसांना लावीत. भीती बऱ्याचदा धारेची नसते, आवाजाची असते.

ज्या दिवशी फळी काढून गादीवर बसवलं, त्या दिवशी पोरगा मोठा झाला. मग पहिली मिसरूड. मग हळदीच्या सकाळची दाढी. मग त्याच फळीवर त्याचं पोर. आणि एक दिवस कृष्णेच्या घाटावर, दहाव्याला, उकिडवं बसून वडिलांसाठी उतरवलेले केस. प्रत्येक वेळी मान खाली, आणि मानेवर तोच हात.

घाटावर अण्णा अक्षर बोलत नसत. दुकानात मात्र तोंड आणि कात्री एका लयीत चालायची. न्हाव्याच्या बडबडीचं कौतुक सगळे करतात. कुठं गप्प बसायचं, ही त्याची खरी विद्या.

गिऱ्हाईक उठलं, की अण्णा त्याच्या अंगावरचं कापड दारात जाऊन झटकत. तो बोललेलंही तिथंच झटकलं जाई. पुढच्याच्या गळ्यात कापड कोरं पडे.

एड्सची भीती गावात पोचली, तेव्हा वडिलांचा वस्तरा त्यांनी पेटीत ठेवला. तेव्हापासून नवं ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं आणि अर्धं पातं खाचेत सरकवायचं. तेही आरशात गिऱ्हाइकाला दिसेल असं. समोरचा गळा पुढं करतो तेव्हा 'विश्वास ठेवा' म्हणणं उद्धटपणा आहे. पातं दाखवावं.

❖

बलुत्याच्या काळात गावोगाव दलितांच्या डोक्याला न्हाव्याचा हात लागत नसे. गावाचा दाब असे. आणि ज्याचं पोट सुगीच्या दाण्यांवर, त्याला दाब लवकर लागतो. अण्णांच्या वडिलांनी तो काळ काढला होता. अण्णा त्याची लाज लपवत नसत. "पोटासाठी केलं," एवढंच म्हणत, आणि ते म्हणताना पोटाला माफी देत नसत. त्यांच्या दुकानात बलुतं नव्हतं, रोख होती. आणि रांग एकच होती. बाकड्यावर जो आधी, तो खुर्चीत आधी. पैशानं माणूस बिघडतो म्हणतात. इथं रोख पैशानं थोडा मोकळाही केला.

नाही म्हणण्याचीही या हातांना परंपरा आहे. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं, की विधवांचं केशवपन करायचं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. रूढी पोथीत होती, पण पोथीला केस कापता येत नाहीत. वस्तरा ज्यांच्या हातात होता, त्यांनी तो खाली ठेवला.

वस्तरा चालवायला वर्षा-दोन वर्षांत येतं. कधी चालवायचा नाही, हे कळायला पिढी जाते. खाडा करू नये, हे खरं. पण काही खाडे धर्माचे असतात.

❖

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. जूनच्या अखेरीस राज्यात कटिंगला परवानगी मिळाली, दाढीला नाही. मधल्या काळात केस वाढायचे थांबले नाहीत, दुकानाचं भाडं थांबलं नाही. मधला माणूस तेवढा थांबला.

दुकान उघडल्यावर जो तो म्हणे, "अण्णा, तुमच्यावाचून फार अडलं हो." अण्णा हसून मान हलवीत. अडल्यावर येणारं प्रेम खरं असतं, पण उधारी फेडायच्या वेळी ते थोडं विसराळू होतं.

❖

गावाच्या डोक्याला कात्री, घरच्या डोक्याला फणी, अशी अण्णांची वाटणी होती. बायकोला, म्हणजे काकूंना, सकाळी डब्यांची घाई. म्हणून दोन्ही लेकींच्या वेण्या अण्णाच घालत. तीन पेडांच्या, घट्ट, वर दुमडून रिबिनीचं फूल. लेकी रडायच्या, की केस ओढले जातात. शाळेत मात्र वेणी सुटलेली नाही, म्हणून मिरवायच्या. बापाचं प्रेम बऱ्याचदा असंच असतं: घालताना दुखतं, दिवसभर सुटत नाही.

लेकी सासरी गेल्या. पुढं काकूंना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात उचलेना. फणी पुन्हा निघाली. अण्णा रोज सकाळी काकूंना खिडकीशी बसवून तेल लावत, गुंता टोकाकडून सोडवत मुळाकडे जात, वेणी घालत, अंबाड्याला पिना खोचत. मग दुकान. तिथं बाकडं भरलेलं असे. आयुष्यभर गिऱ्हाइकाला ताटकळू न दिलेला माणूस आता रोज उशिरा येई, आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नसे. बादशहाचं बोलावणं आता घरात होतं.

बाकड्यावरच्या कुणी घड्याळ दाखवलं नाही. गाव कधीकधी शहाणं असतं.

❖

केर, भाकरी, अंथरूण, वेणी: संसारातलं एकही काम एकदा करून संपत नाही. बायकांना हे लहानपणीच कळतं. त्यांना दुसरी कामं दिलीच जात नाहीत. पुरुषांना उशिरा कळतं, कारण त्यांच्या वाट्याला संपणारी कामं येतात. संपवून ते कौतुकाची वाट बघत बसतात. अण्णांना धंद्यानंच आधी शिकवून ठेवलं होतं. वाढलं की कापायचं, विस्कटलं की विंचरायचं. आणि उद्या पुन्हा वाढेल, विस्कटेल, यात कुणाचा गुन्हा नाही.

त्यांच्या दहाव्याला मुलाचे केस पलीकडच्या गल्लीतल्या दुकानदारानं उतरवले. दोन खुर्च्यांत उभ्या जन्माची चढाओढ होती. त्यानं पैशाला हात लावला नाही.

दुकान आता मुलगा चालवतो. गावाचं काही अडलेलं नाही. कुठल्याच गावाचं अडत नसतं. काकूंची वेणी सून घालते, चांगली घालते. तरी काकू आरशात बघून म्हणतात, "जरा घट्ट घाल गं."

माणसाची किंमत त्यानं मागं काय उभारलं यावर करायची आपली रीत आहे. त्या रीतीनं अण्णांच्या नावावर शून्य लागेल. पण कायमचं काहीतरी करून ठेवण्याची हौस बहुतेक परक्यांसाठी असते. जवळच्या माणसांना कायमचं काही नको असतं. त्यांना उद्या पुन्हा हवं असतं.