आस्वाद, निवाडा आणि कारागीर : सिगारच्या निमित्ताने

आस्वाद्य वस्तूविषयी निवाडा देताना ती कोणी आणि कोणत्या परिस्थितीत घडवली, याचा विचार करावा की करू नये, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’पासून (१९५५) रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पर्यंत (१९७४) तो निरनिराळ्या रूपांत मांडला गेला आहे. येथे तो साहित्यकृतीऐवजी उंची सिगारच्या परीक्षणाच्या आधारे तपासण्याचा विचार आहे. उदाहरण क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु कलाकृतीभोवतीचे पावित्र्याचे वलय येथे नसल्यामुळे निवाड्याची घडण अधिक उघडी दिसते.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. क्यूबाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता आबाहो हा भाग उत्तम तंबाखूसाठी ख्यातनाम आहे. सिगारच्या पोटात मुख्यतः तीन प्रकारची पाने असतात. झाडाच्या खालच्या भागातील पाने नीट जळतात, मधली सुगंध देतात, शेंड्याकडची जाड पाने जोर देतात. ही शेवटची सावकाश जळतात म्हणून मध्यभागी घातली जातात. त्यावर बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेर, कापडाच्या आच्छादनाखाली वाढवलेले पातळ व लवचीक वेष्टण. परीक्षक धूर छातीत घेत नाही. तोंडात घोळवून सोडतो. बांधणी, झुरक्याला होणारा विरोध, जळण्यातील समता यांची तो नोंद करतो. चव पहिल्या, मधल्या व अखेरच्या तृतीयांशात कशी पालटते हे पाहतो आणि शंभरपैकी गुण देतो. अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘सिगार अफिसिओनाडो’ या नियतकालिकात असे गुण देण्यापूर्वी सिगारवरचा नाममुद्रेचा कागदी पट्टा उतरवला जातो.

या गुणपत्रिकेत दोन भिन्न जातींची विधाने एकत्र नांदतात. झुरका ओढताना अडतो, हे विधान पडताळता येते : सिगार उभी चिरली तर आत पिळलेल्या पानाची गाठ सापडते. परंतु मधल्या तृतीयांशात चामड्याचा वा देवदाराचा गंध येतो, या विधानाचे काय? ह्यूमने अभिरुचीच्या मानदंडावरील आपल्या निबंधात (१७५७) ‘डॉन किहोटे’मधील सांचोच्या दोन नातलगांची गोष्ट वापरली आहे. मद्याला एकाला चामड्याची, दुसऱ्याला लोखंडाची चव लागते, लोक हसतात, पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघते. सिगारमध्ये मात्र अशी किल्ली कधीच निघत नाही. तेथील चामडे हे रूपक आहे. त्याची सत्यता वस्तूच्या तळाशी नसून, त्याच अनुभवातून जाणाऱ्या दुसऱ्या जाणकाराच्या ‘होय, असेच’ या संमतीत असते. शिवाय निवाडा पुरा होतो तेव्हा वस्तूची राख झालेली असते. आपल्यापुढे उरते ती केवळ साक्ष.

अशा साक्षीला व्यक्तिगत आवडीपलीकडचा अधिकार कोठून येतो? कांटने (१७९०) सुखद आणि सुंदर यांत भेद केला. विशिष्ट मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडला पाहिजे. सौंदर्याविषयी बोलणारा मात्र सर्वांची संमती मागतो. कांटच्या मते चव आणि गंध पहिल्या कोटीत पडतील. आपल्या परंपरेत ही सीमा इतकी कठोर नाही. भरताने रसाचे स्पष्टीकरण व्यंजनांनी सिद्ध केलेल्या अन्नाच्या आस्वादाने केले आणि अभिनवगुप्ताने रसप्रतीतीला चर्वणा म्हटले. तरीही दोघांचा आस्वादक कोणीही नव्हे. तो सुमनस आहे, सहृदय आहे. परीक्षक पट्टा उतरवतो तो असे सहृदयत्व साधण्यासाठीच. किंमत, प्रतिष्ठा, पूर्वग्रह ही रसविघ्ने दूर व्हावीत, हा त्यामागील हेतू प्रामाणिक आहे.

परंतु पट्ट्याबरोबर आणखी काय उतरते? धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सिगारमुळे संभवतो. गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही. तो आरोग्यशास्त्राचा विषय आहे, असे स्वायत्ततावादी म्हणेल, आणि तर्कदृष्ट्या ते चूक नाही. अधिक अवघड बाब कारागिराची आहे. १८६५ मध्ये हवानातील कारखान्यांत सिगार वळणाऱ्यांना काम चालू असताना मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. वाचकाचे वेतन कामगार स्वतःच्या मिळकतीतून देत आणि कोणते पुस्तक वाचावे हे मतदानाने ठरवत. पसंती दर्शवायची तर पान कापण्याचे पाते फळीवर आपटत. वसाहतीच्या सरकारने १८६६ मध्ये या वाचनावर बंदी घातली. पुढे ते पुन्हा सुरू झाले, फ्लोरिडात गेले आणि टॅम्पाच्या मालकांनी १९३१ मध्ये ते बंद केले तेव्हा कामगारांनी संप केला. ‘मॉन्टेक्रिस्टो’ (१९३५) ही नाममुद्रा द्यूमाच्या कादंबरीवरून आली. ती कादंबरी वळणाऱ्यांची आवडती होती असे सांगतात.

म्हणजे ज्याच्या कृतीवर निवाडा दिला जातो, तो स्वतः निवाडा देणारा होता. आणि तोही आरामखुर्चीत बसून नव्हे, हात गुंतलेले असताना. आस्वादाला फुरसतीची पूर्वअट असते आणि अभिरुची हे वर्गीय भेदाचे साधन ठरते, या बूर्द्यूच्या (१९७९) विश्लेषणाला ही घटना पूर्णपणे खोटे ठरवत नाही. पण फुरसत नसलेल्याला केवळ गरजेची अभिरुची असते, असे मानण्यास ती अटकाव करते.

येथे एक आक्षेप संभवतो. वळणाऱ्याने द्यूमा ऐकला म्हणून सिगारचा गुण वाढत नाही. हे मान्यच आहे. मुद्दा गुण वाढवण्याचा नाही, संमतीचा आहे. निवाडा ‘सर्वांची’ संमती मागत असेल, तर त्या सर्वांत घडवणारा येतो की नाही? पट्टा उतरवताना तो कारण म्हणून वगळला जातो, ते योग्य. पण न्यायकर्ता म्हणूनही तो नकळत वगळला जातो, ते अयोग्य.

‘बलुतं’ (१९७८) आणि त्यानंतरची दलित आत्मकथने आली तेव्हा आपल्या विद्यापीठीय समीक्षेपुढे हाच पेच उभा होता. लेखकाची परिस्थिती बाजूला ठेवून संहिता पाहू, असे आपण म्हणालो. त्या लेखनाची मागणी मात्र सवलतीच्या गुणांची नव्हती; निकष ठरवणाऱ्यांत आमचेही मत मोजा, अशी होती. आपण तिला बहुधा पहिल्या मागणीचे उत्तर दिले. कवीचे नाव झाकून कवितेचे रसग्रहण करायला लावणारी प्रश्नपत्रिका आम्ही अध्यापक आजही काढतो, आणि ती काढावी; नाव झाकणे ही निवाड्याची शिस्त आहे. मात्र ती शिस्त एका टप्प्यापुरती आहे. गुण लिहून झाल्यावर पट्टा पुन्हा हातात घेऊन वाचला नाही, तर निवाडा अर्धाच राहतो.