तिसऱ्याचे देणे

वर्षभर ज्याने अधिक कमावले, त्याने एका दुपारी सगळे गमावून रिकाम्या हाताने घरी जावे आणि त्याच्याहून पुष्कळ कमी कमावलेल्याने त्याच्या डोळ्यांदेखत ताट उचलून न्यावे, याला न्याय म्हणावे काय? प्रश्न वाचून कोणाला एखादी भाऊबंदकी आठवेल, कोणाला शेताच्या बांधावरचा दावा. मी मात्र बोलतो आहे तो इंग्लंडातल्या फुटबॉलविषयी. दिवाळी अंकात फुटबॉल कशाला, असे घरातली वडील मंडळी विचारतील. त्यांनी हे पान खुशाल धाकट्यांकडे द्यावे, आणि धाकट्यांनी वाचून झाल्यावर ते पुन्हा वडिलांकडे द्यावे; कारण प्रश्न चेंडूचा नाही.

२४ मे २०२५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर शेफील्ड युनायटेड आणि संडरलंड हे दोन संघ समोरासमोर उभे राहिले. दोघेही दुसऱ्या श्रेणीतले. जो जिंकेल तो पहिल्या श्रेणीत जाणार, आणि त्या एका पायरीची किंमत आपल्या हिशोबात हजार कोटी रुपयांच्या वर. ऑगस्टपासून मेपर्यंत प्रत्येकाने ४६ सामने खेळले होते. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, या हिशोबाने शेफील्डचे गुण झाले होते ९०, संडरलंडचे ७६. म्हणजे चौदांचा फरक! शेफील्ड तिसरा, संडरलंड चौथा. त्यातही संडरलंड साखळीतले शेवटचे पाचही सामने हरून आला होता. पूर्वार्धात शेफील्डने गोल केला. दुसराही केला, पण चित्रफीत पाहणाऱ्या पंचांनी तो ऑफसाइडच्या कारणाने रद्द ठरवला. गंमत अशी की, साखळीच्या ४६ सामन्यांत असे पंच नव्हतेच; ते या अंतिम सामन्यापुरते आणून बसवले होते. पुढे संडरलंडने बरोबरी साधली, आणि नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर जादा वेळेच्या पाचव्या मिनिटाला टॉम वॉटसन नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने चेंडू जाळ्यात घातला. २-१. खेळ खलास.

ही रीत काय आहे ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या श्रेणीतल्या चोवीस संघांपैकी पहिले दोन थेट वर जातात. उरलेल्या एका जागेसाठी तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ आपसांत लढले: तिसरा सहाव्याशी, चौथा पाचव्याशी, एकेक सामना आपापल्या गावी, मग जिंकलेले दोघे वेम्बलीवर. याला प्ले-ऑफ म्हणतात. १९८६-८७ च्या हंगामापासून ते सुरू झाले. त्यापूर्वी गुणतक्ता लागला की निकाल लागला. पण मग व्हायचे असे की, हंगामाचा शेवट जवळ आला म्हणजे मधल्या संघांना खेळण्यात काही राम उरत नसे. वर जाता येत नाही, खाली घसरण्याची भीती नाही. प्रेक्षकही घरी बसत. प्ले-ऑफने या मधल्यांच्या घरात दिवा लावला. सहावा आला तरी आशा आहे! तिजोरीतही भर पडली, हे ओघानेच आले.

मी शाळामास्तर आहे. आमच्याकडेही वर्षभराच्या अभ्यासाचे मोल तीन तासांच्या पेपरात होते, आणि सहामाहीत नेहमी पहिला येणारा मुलगा वार्षिक परीक्षेला तापाने फणफणलेला मी पाहिला आहे. पण निदान त्याचे दहा महिने कोणी आधी मोजून, आकडा फळ्यावर लिहून, मग ओल्या फडक्याने पुसून टाकत नाही. शेफील्डच्या बाबतीत तेच झाले. नव्वद हा आकडा सर्वांनी पाहिला, आणि नंतर सर्वांसमक्ष तो शून्य धरण्यात आला.

आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर या गोष्टीवर हसतात. ते म्हणतात, "नियम ऑगस्टमध्येच सगळ्यांना ठाऊक होता ना? मग रडायचे कशाला? दुसरा यायचे होते!" हे बोलणे बिनतोड वाटते. नियम आधी सांगितलेला, सर्वांना सारखा, आणि सर्वांनी मान्य केलेला. मग अन्याय शिरला कोठून? परंतु मला इथे हस्तिनापूरची सभा आठवते. द्यूताचे नियमही युधिष्ठिराला ठाऊक होते. तो आपल्या पायांनी आला होता, आपल्या हातांनी पण लावत होता. तरीही द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला, आणि भीष्मांसारख्या माणसाला त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. नियम मोडला की नाही, हा एक प्रश्न. नियम योग्य आहे की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटता येत नाही. (वेम्बलीला कुरुक्षेत्र करण्याचा माझा हेतू नाही. तिथे हरलेले लोक दुसऱ्या दिवशी जेवतात.)

आता दुसरी बाजू. तिसऱ्याला वर जाण्याचा हक्क होता, असे आपण म्हणतो तेव्हा तो हक्क त्याला दिला कोणी? दोनच जागा थेट असतील, तर तिसरा आणि तेविसावा दोघेही सारखेच बाहेर. उलट प्ले-ऑफ ही त्याला मिळालेली जादा संधी म्हणायची. आणि सहाव्याला कमी लेखण्याचेही कारण नाही. १९९२ साली ब्लॅकबर्न रोव्हर्स सहावा आला होता. प्ले-ऑफ जिंकून वर गेला आणि तीन वर्षांत, १९९५ साली, सबंध इंग्लंडचा विजेता झाला. (याच ब्लॅकबर्नला २०१० साली पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने विकत घेतले, आणि दोन वर्षांत तो पुन्हा खाली घसरला, पण तो विषय निराळा.) त्या वर्षी गुणतक्ताच प्रमाण मानला असता तर?

हरलेल्याला काळ भरपाई देतो, असेही काही जण सांगतात आणि लेस्टरचे नाव घेतात. २०१३ च्या उपांत्य सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी लेस्टरला पेनल्टी मिळाली. वॉटफर्डच्या गोलरक्षकाने ती अडवली, परतलेला चेंडूही अडवला, आणि तोच चेंडू काही सेकंदांत दुसऱ्या टोकाला जाऊन लेस्टरच्याच जाळ्यात शिरला. पुढच्या वर्षी लेस्टर १०२ गुणांनी पहिला आला आणि २०१६ साली त्याने इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवले. कथा सुरेख आहे. मीही कादंबऱ्या लिहितो, म्हणून अशा कथांचा मला थोडा संशय येतो. कारण २०१४ साली डर्बी ८५ गुणांनी तिसरा होता. ८० गुणांचा क्वीन्स पार्क रेंजर्स वेम्बलीवर शेवटचा अर्धा तास दहाच गडी घेऊन खेळत होता, आणि नव्वदाव्या मिनिटाला गोल करून तो जिंकला. वर जाऊन तो पुढच्याच हंगामात तळाला राहून परत आला, आणि डर्बी? २०२१ साली कर्जात बुडाला, गुण कापले गेले, २०२२ साली तिसऱ्या श्रेणीत घसरला. काळाने इथे कोणाची भरपाई केली?

माझे मन ज्या ठिकाणी अडते ते ठिकाण असे: सहाव्याच्या घरात जो दिवा लागतो, त्याचे तेल कोण देते? पहिले दोघे देत नाहीत. ते केव्हाच वर गेले. तळाचे देत नाहीत. ते सगळे तेल तिसऱ्याच्या घरून येते. इंग्रज त्याला बदल्यात देतात काय, तर उपांत्य फेरीतला दुसरा सामना त्याच्या गावी. एवढेच. इटालियन लोकांनी याचा अधिक विचार केलेला दिसतो. त्यांच्या दुसऱ्या श्रेणीत उपांत्य फेरीचे दोन सामने मिळून बरोबरी झाली, तर तक्त्यात वर असलेला पुढे जातो. आणि तिसऱ्या-चौथ्यांतला फरक चौदा गुणांहून अधिक असेल, तर प्ले-ऑफ होतच नाही, तिसरा सरळ वर जातो. मला हा नियम आवडला. आशा राहते आणि वर्षाचे श्रमही पुसले जात नाहीत. अर्थात तिथेही शेफील्डला लढावेच लागले असते, कारण फरक बरोबर चौदाचा होता. मैदानावर त्यांनी ९२ गुण मिळवले होते. जुने देणे वेळेवर न दिल्याबद्दल दोन कापले गेले होते.

याच शेफील्ड शहरात दुसरा एक संघ आहे, वेन्सडे नावाचा. २०२३ साली तिसऱ्या श्रेणीत त्याचे गुण होते ९६, आणि तरी तो तिसराच. प्ले-ऑफमध्ये गाठ पडली सहाव्या पीटरबरोशी. त्याचे गुण ७७. पीटरबरोने पहिला सामना ४-० ने जिंकला, तेव्हा हा केवढा अन्याय, असे मलाही वाटले. मग वेन्सडेने आपल्या मैदानावर नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर चौथा गोल करून बरोबरी गाठली, जादा वेळेत एक गोल खाऊन पुन्हा एक केला, आणि पेनल्टींवर सामना घेतला. अंतिम सामनाही त्याने जिंकला, तोही अखेरच्या मिनिटाला. आमच्या वर्गातल्या एका मुलाला ही हकीकत सांगितली, तर तो आनंदला नाही. म्हणाला, "गुरुजी, पण चार गोल तर पीटरबरोनंही केले होते ना?"