करण आणि कर्ता : चित्रसाधनाच्या निवडीचा विचार

छायाचित्रांचे संपादन आणि संकल्पन यांसाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता किमतीचा आणि सोयीचा वाटतो. परंतु साधन आणि ते वापरणारा यांच्यात कर्तेपण कोणाकडे असते, हा जुना प्रश्न त्याच्या पोटात दडलेला असल्यामुळे त्याचा विचार तत्त्वज्ञानाच्या अंगानेही करावा लागतो. संस्कृत व्याकरणाने या प्रश्नाची मांडणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. पाणिनीच्या कारकविचारात, म्हणजे क्रियेशी निगडित घटकांच्या विवेचनात, क्रिया सिद्धीस नेण्यास जे सर्वाधिक उपकारक ते ‘करण’ आणि त्या क्रियेत जो स्वतंत्र तो ‘कर्ता’ असा भेद केलेला आहे. पुढील वैयाकरणांनी त्यात ‘विवक्षा’, म्हणजे बोलणाऱ्याचा सांगण्याचा हेतू, हे तत्त्व विशद केले. माणूस तलवारीने तोडतो असे म्हणताना तलवार करण असते, पण तिच्या धारेचे कौतुक करायचे असेल तर तलवारच तोडते असेही म्हणता येते आणि मग करणच कर्त्याच्या जागी जाऊन बसते. ‘फोटोशॉपने चेहरा उजळ केला’ या रोजच्या मराठी वाक्यात हीच अदलाबदल घडलेली असते. ती केवळ बोलण्यापुरती आहे की व्यवहारातही झाली आहे, हे तपासणे म्हणजेच साधनाची पारख करणे होय.

याउलट, सगळे कर्तेपण कलावंताकडे देणेही भारतीय विचाराला मान्य नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, निरनिराळी करणे, त्यांच्या विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी अपुरी ठरविली आहे. साधनाला क्षुल्लक समजणारा आणि साधनाला सर्वस्व समजणारा, हे दोघेही या हिशोबात सारखेच चुकतात.

या दोन टोकांमधला मार्ग कसा असतो, याचे एक उदाहरण खानदेशात चाळीसगाव येथे घडले. कलामहर्षी म्हणून ओळखले जाणारे केकी मूस (१९१२–१९८९) हे मुंबईत जन्मलेले पारशी कलावंत इंग्लंडमधील वास्तव्यानंतर चाळीसगावला परतले आणि मोजके अपवाद सोडले तर सुमारे पाच दशके रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घराबाहेर पडले नाहीत. चित्रकला, शिल्प, काष्ठकाम आणि कागदाच्या घड्यांची कला अशा अनेक माध्यमांत त्यांचा हात चालत असला, तरी त्यांची ख्याती झाली ती ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणामुळे. मेजावर लहानसहान वस्तूंची रचना करायची, प्रकाश आणि कॅमेऱ्याचा कोन असे योजायचे की हातभर जागेत विस्तीर्ण निसर्गदृश्याचा भास व्हावा, असे या पद्धतीचे स्वरूप असते. तिच्यात कॅमेऱ्याचा वाटा अर्थातच मोठा असतो, कारण वस्तूंचा खरा आकार लपविण्याचे काम भिंगच करते. परंतु कोणती वस्तू कशाचा भास निर्माण करील हे भिंगाला ठाऊक नसते. ते मूस यांना ठाऊक होते, आणि त्यामुळे करण कितीही उपकारक असले तरी स्वातंत्र्य कर्त्याकडेच राहिले.

येथे सत्याचा प्रश्न उभा राहतो. मेजावरचा देखावा निसर्ग म्हणून दाखविणे आणि संगणकावर छायाचित्रातील माणूस पुसून टाकणे, या दोन्ही कृती एकाच अर्थाने असत्य मानाव्यात काय? अद्वैत वेदान्ताच्या परंपरेत भ्रमाचे दोन प्रकार मानले जातात. निरुपाधिक भ्रम ज्ञानाने नाहीसा होतो. दोरीवर भासलेला साप दोरी ओळखताच उरत नाही. सोपाधिक भ्रम मात्र, त्याला कारण होणारी उपाधी जवळ असेपर्यंत, ज्ञान झाल्यावरही दिसतच राहतो. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक मुळात रंगहीन आहे हे समजले तरी तांबडाच दिसतो. टेबल-टॉप छायाचित्र या दुसऱ्या जातीचे आहे. ही मेजावरची मांडणी आहे असे कळल्यावरही पाहणाऱ्याला निसर्गच दिसतो, आणि तो फसत नाही, उलट रचनेचा आनंद दुणावतो. बातमीचे किंवा पुराव्याचे छायाचित्र बदललेले आहे असे कळताच मात्र त्यावरील विश्वास सापासारखा नाहीसा होतो, कारण ‘हे असेच घडले’ हा दावा त्या चित्रासोबत केलेला असतो. असत्य साधनात नसून त्या दाव्यात असते. म्हणून अमुक सॉफ्टवेअर खोटेपणा शिकवते, हा आक्षेप टिकत नाही.

संगणकावरील चित्रसंपादन डार्करूमपासून फारसे दूरचेही नाही. थॉमस आणि जॉन नोल या बंधूंनी १९८७ च्या सुमारास ज्या आज्ञावलीची सुरुवात केली आणि जी १९९० मध्ये फोटोशॉप या नावाने बाजारात आली, तिच्यातील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही अवजारे म्हणजे छायाचित्राच्या कागदावर प्रकाश कोठे अडवायचा आणि कोठे अधिक पडू द्यायचा, या हातांनी करावयाच्या जुन्या क्रियांचीच नावे आहेत. नोल बंधूंच्या वडिलांची घरच्या तळघरात डार्करूम होती, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता निवडीचा मुद्दा. करण क्रियेच्या अपेक्षेने ठरते, त्यामुळे क्रिया कोणती हे निश्चित झाल्याखेरीज उत्तम साधन कोणते हा प्रश्नच अर्धवट राहतो. छायाचित्र हे रंगाच्या असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते आणि त्यासाठी फोटोशॉप किंवा गिम्पसारखे साधन लागते. बोधचिन्ह किंवा लग्नपत्रिकेवरील वेलबुट्टी गणिती रेषांनी बांधली तर कितीही मोठी केली तरी फाटत नाही, म्हणून तेथे कोरल ड्रॉ किंवा इंकस्केप उपयोगी पडते. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शाईंत होते, तर गिम्पची घडण मुख्यतः पडद्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी झालेली असल्याने, छापखान्याशी रोजचा संबंध असणाऱ्याला ते एकटे पुरत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

क्रियेला अनुरूप साधने एकाहून अधिक निघाली, की मग कर्त्याच्या स्वातंत्र्याची कसोटी लावावी लागते. मराठी संकल्पकाला ती लिपीपासूनच लागू होते. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये जुळविलेला मजकूर तोच फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग बनतो. आणि साधनाचे मजकूर-यंत्र भारतीय लिप्यांसाठी योजलेले नसेल, तर युनिकोडमधली जोडाक्षरेही तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. केलेले काम ज्यातून बाहेर नेता येत नाही, ते साधन कर्त्याला बांधून ठेवते.

योगसूत्रांत सांगितलेल्या यमांपैकी, म्हणजे आचरणाच्या मूलभूत संयमांपैकी, दोन येथे थेट संबंधित आहेत. अस्तेय, म्हणजे न दिलेले न घेणे, या तत्त्वानुसार क्रॅक केलेली प्रत वर्ज्य ठरते, मग ती वापरण्याची प्रथा कितीही रुळलेली असो. अपरिग्रहाचा, म्हणजे साठा न करण्याचा, विचार मात्र गुंतागुंतीचा आहे. अडोबी कंपनीने २०१३ पासून आपली नवी साधने मुख्यतः भाडेतत्त्वावर देण्यास प्रारंभ केला, त्यामुळे वापरणाऱ्याच्या मालकीचे काहीच राहत नाही. परंतु हा अपरिग्रह नव्हे, कारण अपरिग्रहाचे फळ बंधनातून सुटका हे आहे, तर येथे हप्ता थांबला की हातातील अवजार थांबते आणि कलावंताचे काम दुसऱ्याच्या अटींवर अवलंबून राहते. १९९६ मध्ये लोकांसमोर आलेले गिम्प किंवा २००३ मध्ये सुरू झालेले इंकस्केप यांसारखी मुक्त साधने कोणालाही वापरता, तपासता आणि बदलता येतात, आणि देऊनही ती देणाऱ्याकडे उरतात. तरीही मुक्त साधन वापरले म्हणजे कर्ता मुक्त झाला, असे मानणे घाईचे ठरेल. एकाच साधनाच्या सवयीत अडकलेला हात तेथेही परतंत्रच असतो.

चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळा डोंगरात असलेल्या पितळखोरे येथील लेण्यांत सापडलेली आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली यक्षाची पाषाणमूर्ती या संदर्भात बोलकी आहे. तिच्यावरील प्राचीन लेखात ती घडविणाऱ्याचे नाव कान्हदास असे असून तो सोनार असल्याचे म्हटले आहे. दागिन्याच्या नाजूक कामाचा धंदा असलेला हा कारागीर दगडाकडे वळला, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखाने त्याच्या छिन्नीची नव्हे, त्याची आणि त्याच्या व्यवसायाची नोंद ठेवली. आपले कौशल्य सोबत घेऊन एका साधनाकडून दुसऱ्याकडे जाता येणे, हेच पाणिनीच्या स्वतंत्र कर्त्याचे व्यवहारातील लक्षण आहे. म्हणून साधन निवडताना ते हाती काय देते याबरोबरच, उद्या ते खाली ठेवले तर हातात काय उरेल, हेही विचारले पाहिजे.