शेण कोणाचे?

शेणाचा ढीग उघड्यावर साठला, की त्यातला मिथेन वायू हवेत जातो आणि पावसाळ्यात घाण विहिरीकडे झिरपते. तेच ताजे शेण तेवढ्याच पाण्यात कालवून बंद टाकीत सोडले, तर चुलीला गॅस मिळतो आणि उरलेली रबडी वाडीला खत होते. हे ज्ञान नवे नाही. १८९७ साली मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्याच्या गॅसवर दिवे लागले होते.

पण एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच गुरे हवीत. ज्याच्या घरी एकही गूर नाही, जी बाई वाटेवरचे शेण वेचून गोवऱ्या थापते, तिचे काय? काल फुकट मिळणाऱ्या शेणाला आज मोल आले, तर तिची चूल कशावर पेटणार? गुरे आमची म्हणून शेणही आमचे, हे हिशेबाला धरून आहे. पण ते न्यायाला धरून आहे का?

शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडावे, अशी आज्ञा लेवीयच्या पुस्तकात (१९:९-१०) आहे. शेत मालकाचेच होते, तरी कड त्याची नव्हती.

आपल्या होळी परिसरात ज्यांच्या दावणीला गुरे आहेत, त्यांनी गोबरगॅस जरूर बांधावा. मात्र रोज दोन पाट्या शेण कोणासाठी बाजूला ठेवायचे, हे टाकीचा खड्डा खणण्याआधी ठरवू या.